गाडी कोठें आहे, हें कोणास ठाऊक असावें ?

पेणहून रोहें फार दूर नाहीं. वडखळ ओलांडावें, नागोठणें मागें टाकावें आणि भिसे खिंड उतरली कीं कुंडलिकेचें पाणी दिसूं लागतें. अवघी ४०-४५ किलोमीटरांची वाट. आमच्या कुटुंबाचीं दोन बिऱ्हाडें या वाटेच्या दोन टोकांस आहेत. थोरलें पेणेस, धाकटें रोह्यास. या दोहोंमध्यें एक मोटार सारखी ये-जा करीत असते. कधीं औषधें, कधीं तांदूळ, कधीं पाहुणे, आणि भाद्रपदाच्या तोंडावर पेणची गणपतीची मूर्ति, असें सर्व कांहीं तिच्यांतून रोह्यास पोहोंचतें.

दोन वर्षांपूर्वीं आषाढांत एके रात्रीं ही गाडी वडखळच्या कोंडींत अडकली. आंत आमचे धाकटे बंधु होते. त्यांस मधुमेह, आणि त्यांचा मोबाइल बंद पडलेला. रात्रीचे अकरा वाजले तरी कांहींच पत्ता नाहीं. घरांतील बायकामाणसें देवापुढें निरांजन लावून बसलीं होतीं. गाडी अखेर सुखरूप आली. पण दुसऱ्याच आठवड्यांत आमच्या पुतण्यानें तिच्यांत काड्याच्या पेटीएवढी एक डबी बसवून आणली. “काका, आतां काळजीच नको. गाडी कोठें आहे तें घरबसल्या दिसेल,” असें म्हणून त्यानें घरांतील पांच मोबाइलांत त्या डबीचें ॲप घालून दिलें. त्या दिवसापासून नकाशावर एक निळा ठिपका सरकूं लागला. प्रथम त्याचा फार आधार वाटला. पुढें पुढें, खरें सांगावयाचें तर, आम्हां घरीं बसणाऱ्या वृद्धांस तो एक विरंगुळाच होऊन बसला.

एका गुरुवारीं आमची सूनबाई गाडी घेऊन रोह्यास गेली होती. ठिपका धाकट्या घरीं न जातां गांवांतल्या एका गल्लींत सवा तास उभा राहिला. पुढल्या गुरुवारींही तेंच झालें. तिसऱ्या गुरुवारीं रात्रीं पंगतींत, सर्वांदेखत, आम्हीं सहज विचारावें तसें विचारलें, “सूनबाई, रोह्यांत दर गुरुवारीं गाडी सवा तास कोठें उभी असते ?” तिच्या हातांतला घास हातांतच राहिला. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागले आणि तिला कारण सांगावें लागलें. त्यांत दोष देण्याजोगें कांहींही नव्हतें. पण तें कारण तिचें स्वतःचें होतें. तें येथें लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. एकदां तें आमच्यामुळें उघड झालें, तेवढें पुरे आहे. हा प्रसंग लिहावा किंवा नाहीं हेंही आम्हीं तिलाच विचारलें, आणि तिच्या संमतीनेंच एवढें लिहिलें आहे. त्या रात्रीं ती इतकेंच म्हणाली, “बाबा, तुम्हीं मला एकटीला विचारलें असतें तर मीं सांगितलें असतें. तुम्ही पाहत बसलांत.”

मुलांनीं खरें बोलावें हें शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. दुसऱ्याकडून सत्य ओढून काढणें हाही एक अपराध असूं शकतो, हा धडा मात्र आम्हांस सुनेपासून घ्यावा लागला. या धड्याचा विचार करतां करतां जें वाचलें व कळलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण अशी डबी, किंवा तिचें काम करणारें दुसरें कांहीं यंत्र, आज पुष्कळ घरांतील गाड्यांत आहे.

हें यंत्र काम कसें करतें, याविषयीं एक गैरसमज सर्वत्र आढळतो. उपग्रह आपणांस वरून पाहत असतो, असें लोक समजतात. तसें नाहीं. जी.पी.एस.चे उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतां केवळ वेळेचे संकेत पाठवीत असतात. देवळांतली घंटा वाजते. तिचा नाद कोणीं कोठें ऐकला, हें घंटेस ठाऊक नसतें. तसेंच हें आहे. डबींतील यंत्र निदान चार उपग्रहांचे संकेत ऐकतें आणि ते पोहोंचावयास लागलेल्या वेळावरून आपलें स्थान काढतें. येथवर कोणाचेंही गुपित फुटत नाहीं. तें फुटतें पुढच्या पायरीवर. डबींत मोबाइलांतल्यासारखें एक सिम असतें, आणि त्याच्या द्वारें तें स्थान पुनः पुनः दूरच्या एका सर्व्हरकडे कळविलें जातें. गाडी केव्हां निघाली, किती वेगानें गेली, कोठें किती वेळ थांबली, यांची रोजकीर्दच तेथें लिहिली जाते. आपणांस दिसणारा ठिपका हें त्या रोजकीर्दीचें शेवटचें पान होय. मागचीं सगळीं पानें दुसऱ्याच्या कपाटांत असतात.

तें कपाट कोणाचें, याचा शोध आम्हीं त्या रात्रीनंतर घेतला. तेव्हां कळलें कीं, डबीचा परवलीचा शब्द दुकानदारानें बसवितांना घातला होता तोच अद्याप चालू होता, आणि दुकानाच्या पडद्यावर इतर गिऱ्हाइकांच्या गाड्यांबरोबर आमचीही गाडी दिसत होती. कित्येक महिन्यांच्या जाण्यायेण्याची नोंद तशीच शिल्लक होती. ती पुसून टाका म्हटलें, तर “तें कंपनीकडे असतें” एवढेंच उत्तर मिळालें. आणि कंपनीच्या फोनवर कोणी बोलावयास येईना. गणपतींत आम्ही सर्व रोह्यास जमतों व पेणचें घर पांच दिवस बंद असतें. ही गोष्ट आमच्या शेजाऱ्यांच्याही आधीं त्या दुकानांत बसणाऱ्या कोणासही समजूं शकत होती, हें ध्यानांत येतांच अंगावर कांटा उभा राहिला.

कोणी म्हणेल, डबी काढून टाकली म्हणजे झालें. पण मार्ग इतका सोपा नाहीं. प्रवासी वाहनांच्या बाबतींत केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०१६ मध्यें मोटार वाहन नियमांत १२५ एच हा नियम घातला. त्या अन्वयें १ जानेवारी २०१९ पासून नव्यानें नोंदल्या जाणाऱ्या टॅक्सी, बस इत्यादि सार्वजनिक वाहनांत स्थान कळविणारें यंत्र व संकटकाळीं दाबावयाचें बटण आवश्यक झालें. दुचाकी व तीनचाकी वाहनें यांतून वगळलीं आहेत. एस.टी.च्या गाड्यांतही अशीं यंत्रें असतात. धोकादायक माल वाहणाऱ्या नव्या मोठ्या मालमोटारींनाही पुढें हा नियम लावण्यांत आला. रोह्याजवळच्या धाटाव येथील रासायनिक कारखान्यांकडे जाणारे टँकर पाहिले म्हणजे त्यांतील शहाणपण कोणासही पटेल. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. तो सतत माग काढीत नाहीं. पण नाका ओलांडतांच नाक्याचें नांव व वेळ खातेदाराच्या मोबाइलवर येते. जानेवारी २०२४ मध्यें अटल सेतु खुला झाल्यापासून पेणकरांपैकीं अनेक त्या वाटेनें मुंबईस जातात. गाडी मुलगा हांकतो व निरोप खातेदार असलेल्या बापाच्या मोबाइलवर येतो, हा प्रकार घरोघरीं आहे. शिवाय अलीकडच्या पुष्कळ मोटारी कारखान्यांतूनच सिम घेऊन बाहेर पडतात.

स्थान कळलें तर काय बिघडलें, असा प्रश्न सरळ मनाचे लोक करतात. एक स्थान कळलें तर फारसें बिघडत नाहीं. स्थानांची मालिका कळली म्हणजे मनुष्य कळतो. गाडी रात्रीं जेथें उभी असते तें घर. दिवसां जेथें असते ती नोकरी. दर सोमवारीं जेथें थांबते तो वैद्य, दर महिन्याच्या आरंभीं थांबते तो सावकार, रात्रीं उशिरां थांबते तो मित्र. १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांतील मोबाइल-नोंदींचा अभ्यास करून कांहीं संशोधकांनीं २०१३ मध्यें ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकांत दाखवून दिलें कीं, नांव काढून टाकलेल्या नोंदींतही स्थळ व वेळ यांचे अवघे चार बिंदु ठाऊक असले तर ९५ टक्के माणसें एकमेकांपासून वेगळीं ओळखतां येतात. आपल्या एका जुन्या संस्कृत सुभाषितांत यत्नानें गुप्त ठेवावयाच्या गोष्टी मोजल्या आहेत. त्यांत धन आहे, औषध आहे, घरांतलें उणें आहे, आणि दानही आहे. चांगली गोष्टही झांकून ठेवण्याचा मनुष्यास अधिकार आहे, हें त्या कवीस ठाऊक होतें. गाडीच्या रोजकीर्दींतून या सर्वच गोष्टींचा सुगावा लागतो.

परदेशीं काय घडलें, तेंही पाहण्याजोगें आहे. डिसेंबर २०२४ मध्यें जर्मनींतील ‘डेर श्पीगेल’ या साप्ताहिकानें उघडकीस आणलें कीं, फोक्सवॅगन समूहाच्या सुमारें ८ लाख विजेच्या मोटारींची माहिती इंटरनेटवर पुरेशा संरक्षणावांचून पडून होती, आणि त्यांपैकीं सुमारें ४ लाख ६० हजार गाड्यांचीं स्थानें अगदीं बारकाईनें कळत होतीं. त्यांत पुढाऱ्यांच्या व पोलिसांच्याही गाड्या होत्या. कोणीं दुष्ट हेतूनें हें केलें नव्हतें. व्यवस्थेंत चूक राहिली होती. २०२३ मध्यें टोयोटा कंपनीनें कबूल केलें कीं, जपानांतील सुमारें २१ लाख ५० हजार गिऱ्हाइकांच्या गाड्यांची माहिती जवळ जवळ दहा वर्षें अशीच उघडी राहिली होती. अमेरिकेंत जनरल मोटर्सविरुद्ध तेथील व्यापार आयोगानें जानेवारी २०२५ मध्यें कारवाई जाहीर केली. मालकांची स्पष्ट संमति न घेतां त्यांच्या गाड्यांचीं स्थानें व गाडी हांकण्याच्या संवयी गोळा करून विकल्या, असा आयोगाचा आरोप होता; कांहीं वेळां दर तीन सेकंदांस नोंद होत होती. ही माहिती विमा कंपन्यांपर्यंत गेली. गाडी आपली, पेट्रोल आपलें, आणि चुगली मात्र आपलीच, असा हा व्यवहार झाला !

आपल्या देशांतील न्यायालयांनीं या विषयाचा विचार मोटारींच्या या यंत्रांपूर्वींच आरंभिला होता. उत्तर प्रदेशांतील खरकसिंग नांवाच्या गृहस्थावर दरवड्याचा संशय आला. पुराव्याअभावीं तो सुटला, तरी पोलिसांनीं त्याच्यावर पाळत ठेविली. रात्रीं घरीं येऊन झडती घ्यावयाची, आणि तो कोठें जातो-येतो याची चौकीदारानें वर्दी द्यावयाची, असा तो क्रम होता. डिसेंबर १९६२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें रात्रींच्या झडत्या घटनाबाह्य ठरविल्या. पण जाण्यायेण्यावरील पाळतीस बहुमतानें हरकत घेतली नाहीं. न्यायमूर्ति सुब्बा राव यांचें मत निराळें होतें. ही सर्वच पाळत स्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, असें त्यांनीं आपल्या भिन्न निकालांत म्हटलें. त्यानंतर जवळ जवळ ५५ वर्षांनीं, २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, पुट्टस्वामी खटल्यांत नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें सांगितलें कीं, खाजगीपण हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतून निघणारा मूलभूत अधिकार आहे. आणि ८ जुलै २०२४ रोजीं फ्रँक व्हायटस याच्या खटल्यांत याच न्यायालयानें आमच्या निळ्या ठिपक्याचाच जणूं निकाल दिला. जामिनावर सुटलेल्या या आरोपीनें गूगलच्या नकाशावर आपलें स्थान तपास-अधिकाऱ्यास दाखवीत राहावें, अशी अट होती. ती न्यायालयानें रद्द केली. आरोपीच्या हालचालींवर सतत नजर ठेवतां येईल अशी अट खाजगीपणाच्या अधिकाराविरुद्ध आहे, असें न्यायमूर्ति ओक व न्यायमूर्ति भुयां यांनीं ठरविलें.

हा निकाल वाचून आम्ही कांहीं वेळ स्तब्ध बसलों. अंमली पदार्थांच्या गुन्ह्याचा आरोप असलेल्या परक्या देशाच्या मनुष्यास जें संरक्षण न्यायालयानें दिलें, तें आम्हीं घरच्या लेकीसुनेस दिलें नव्हतें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. २०२३ मध्यें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. कंपन्यांवरील बहुतेक बंधनें त्यानंतर १८ महिन्यांनीं अमलांत यावयाचीं, असा क्रम त्यांत ठरविला आहे. कंपनीजवळ आपली कोणती माहिती आहे हें विचारण्याचा व ती पुसून मागण्याचा अधिकार या कायद्यांत आहे, आणि माहिती नीट न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सरकारी यंत्रणांस सूट देण्याची मुभाही त्यांत आहे, याबद्दल जाणत्यांनीं चिंता व्यक्त केली आहे. परंतु याच कायद्याच्या तिसऱ्या कलमांत असेंही म्हटलें आहे कीं, एखाद्या व्यक्तीनें घरगुती किंवा वैयक्तिक कारणासाठीं माहिती वापरली, तर हा कायदा तिला लागू नाहीं. म्हणजे हा कायदा आमच्या उंबरठ्याशीं येऊन थांबतो. उंबरठ्याच्या आंत विवेकानें काय तें संरक्षण द्यावें, नाहीं तर तें नाहींच.

हेरगिरीचें शास्त्र आपणांस नवें नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत संन्यासी, व्यापारी, गृहस्थ अशा नाना वेषांतील गुप्तहेर सांगितले आहेत. जनपदांत शिरतांना व बाहेर पडतांना मुद्रा, म्हणजे परवाना, दाखवावा लागे. घरीं आलेल्या व घरांतून गेलेल्या पाहुण्यांची वर्दी गृहस्थानें नगराच्या अधिकाऱ्यास द्यावी, असेंही तेथें आहे. पण तो राज्याचा कारभार आहे. शत्रूच्या भयानें चाललेला आहे. कुटुंबाचा कारभार त्याच नीतीनें चालवूं लागलों, तर घराचें नगर होईल आणि वडील मनुष्याचा कोतवाल.

दुसरी बाजूही खरी आहे, ती लपवावयाची नाहीं. चोरीस गेलेली गाडी या यंत्रामुळें सांपडूं शकते. महामार्गावर अपघात झाला, बोलण्याचें भान राहिलें नाहीं, तर मदत नेमक्या ठिकाणीं पोहोंचते. रात्रीं परतणाऱ्या मुलीस संकटाच्या बटणाचा धीर वाटतो. शाळेची बस कोठवर आली हें आईस कळलें, तर तिला पावसांत अर्धा तास उभें राहावें लागत नाहीं. तेव्हां यंत्र फेकून द्यावें, असें आम्ही म्हणत नाहीं. प्रश्न नजर कोणाची, किती वेळ आणि कोणाच्या संमतीनें, एवढाच आहे.

आमच्या घरीं यावर बराच खल झाला व सूनबाईसह सर्वांनीं मिळून कांहीं नेम ठरविले. पहिला नेम असा कीं, गाडींत यंत्र आहे हें गाडी नेणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असावें. यांत पगारी चालकही आला. पेण तालुक्यांतील हमरापूर-जोह्याच्या गणेशमूर्ति घेऊन रात्रंदिवस टेंपो हांकणारा मनुष्यही आपल्यासारखाच आहे; मालाची काळजी मालकानें अवश्य करावी, पण काम संपल्यावरही त्याचा माग काढीत राहूं नये. दुसरा नेम हेतूचा. गाडीस ठरल्या वेळेपेक्षां दीड तास उशीर झाला व फोनही लागत नाहीं, तेव्हांच नकाशा उघडावा, आणि उघडला होता हें मागाहून प्रवाशास सांगावें. तिसरा असा कीं, ॲप पांच जणांकडे न ठेवतां दोघांकडेच ठेवावें. ते दोघे कोण, हें गाडी नेणारानें ठरवावें. चौथा, परवलीचा शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा, आणि जुनी नोंद किती दिवसांनीं पुसली जाते हें दुकानदाराकडून लिहून घ्यावें. जो लिहून देत नाहीं त्याचें यंत्र घेऊं नये. पांचवा, गाडी विकतांना तिच्या पडद्यांत सांठलेले घराचे पत्ते व फोनमधील नांवें पुसावीं, मोबाइलशीं असलेली तिची जोडणी तोडावी, व फास्टॅगचें खातें बंद करावें.

विशेषतः भगिनीवर्गासाठीं आणखी एक सूचना आहे. नाण्याएवढ्या, किल्लीस अडकविण्याच्या वस्तु बाजारांत आल्या आहेत. हरवलेली पिशवी शोधण्यास त्या उपयोगी पडतात, पण कोणाच्या गाडींत त्या लपवून पाठलाग केल्याचे प्रकारही अनेक देशांत घडले. म्हणून २०२४ पासून अ‍ॅपल व गूगल या दोन्हीं कंपन्यांच्या मोबाइलांत, अशी अनोळखी वस्तु आपल्याबरोबर फिरत असल्यास सूचना देण्याची सोय झाली आहे. तशी सूचना आली तर ती उगाच झटकून टाकूं नये; वस्तु शोधावी, तिचें चित्र काढून ठेवावें, विश्वासाच्या माणसास सांगावें व पोलिसांकडे जावें.

आमच्या गाडींतील जुनी डबी काढली. नवी बसवावी किंवा नाहीं, याचा निर्णय आम्हीं सूनबाईवर सोपविला. गाडी मुख्यतः तीच नेते. तिनें चार दिवस विचार करून बसविण्यास होकार दिला, मात्र वरील नेमांवर. ॲप तिच्या मोबाइलांत आहे, आणि तिच्या इच्छेनें दुसरें आमच्या कुटुंबाच्या मोबाइलांत. आमच्या मोबाइलांत नाहीं. याचें आरंभीं थोडें वाईट वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.

परवां वडखळास पुन्हां कोंडी झाली. दिवेलागण होऊन गेली तरी गाडी आली नाहीं. संवयीनें आमचा हात मोबाइलकडे गेला, आणि ठिपका नसल्यामुळें आम्हीं फोन लावला. “बाबा, वडखळासच आहें. अर्धा तास तरी लागेल. तुम्ही जेवून घ्या,” असें उत्तर आलें. आम्ही जेवलों नाहीं, पण ओट्यावर निवांत बसून राहिलों.